शिवारातील प्लॉटिंग आणि गावाचे प्रश्न : हरकतींना मोजमापाचा आधार

शहराच्या वेशीपासून वीस-तीस किलोमीटर अंतरावरील गावांत हल्ली एक दृश्य वारंवार दिसते. कालपर्यंत ज्वारी, हरभरा किंवा भात पिकवणाऱ्या रानात चुन्याच्या रेघा पडतात, सिमेंटचे खुंट रोवले जातात आणि रस्त्याकडेला निवासी भूखंडांच्या विक्रीचा फलक उभा राहतो. ग्रामसभेत विषय निघतो तेव्हा गावकरी शंका मांडतात. पाणी कुठून आणणार, ओढा बुजणार का, पाणंद राहणार का, फवारणीवरून भांडणे होतील का, असे ते प्रश्न असतात. बहुतेक वेळा या शंकांची नोंद ‘ग्रामस्थांचा विरोध’ एवढ्या दोन शब्दांत होते आणि विषय पुढे सरकतो.

वस्तुतः यांतील जवळजवळ प्रत्येक शंका मोजता येण्यासारखी आहे. मातीची खोली, भूजलाचे पुनर्भरण, पावसाच्या अपधावाचे आकारमान, विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट या सर्व गोष्टी कृषिशास्त्राला परिचित आहेत. गावाची हरकत भावनेवर न थांबता आकड्यांसह मांडली गेली, तर तिला सुनावणीत वजन येते. कोणत्या जागी वसाहत योग्य आणि कोणत्या जागी अयोग्य, हेही त्यातून स्पष्ट होते. या लेखात त्या मोजमापांचा आणि काही राज्यांच्या अनुभवांचा आढावा घेतला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

देशातील बिगरशेती वापराखालील क्षेत्र १९५०-५१ मध्ये सुमारे ९४ लाख हेक्टर होते. गेल्या दशकाच्या मध्यापर्यंत ते सुमारे २७० लाख हेक्टरांवर पोहोचले. याच काळात निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे १,४०० लाख हेक्टरांच्या आसपास स्थिरावले. म्हणजे नवी जमीन लागवडीखाली येणे जवळपास थांबले आहे. हातची जमीन गेली की तिची भरपाई होत नाही. सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.०८ हेक्टर झाले. खातेदारांपैकी सुमारे ८६ टक्के अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. एवढ्या लहान तुकड्यांच्या शिवारात दहा हेक्टरांचा एक अभिन्यास आला, तरी त्याचा परिणाम चार बाजूंच्या कित्येक कुटुंबांच्या शेतीवर होतो.

घरांची गरज खरी आहे, हेही मान्य केले पाहिजे. गावातील वाढत्या कुटुंबांना गावठाण पुरत नाही आणि शहरातील मध्यमवर्गीयाला शहरात जागा परवडत नाही. त्यामुळे खरा प्रश्न वसाहतीच्या जागेचा आणि अटींचा आहे.

माती : घरासाठीही अयोग्य, शेतीसाठी अमूल्य

नागपूर येथे मुख्यालय असलेल्या आणि १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने देशभरातील मातीचे नकाशे तयार केले आहेत. भूमी क्षमता वर्गीकरणात जमिनीचे आठ वर्ग केले जातात. पहिले चार वर्ग लागवडीस योग्य, तर पुढील चार चराई, वनीकरण आदींसाठी योग्य मानले जातात. उतार, खोली, पोत, निचरा, धूप यांवरून हा वर्ग ठरतो. मात्र भूखंड पाडताना पाहिला जातो तो रस्त्यापासूनचा अंतराचा आणि भावाचा हिशेब. मुख्य रस्ते बहुधा सपाट, सुपीक पट्ट्यातूनच जात असल्याने उत्तम जमीन आधी विकली जाते.

खोल काळ्या जमिनीचे उदाहरण घेऊ. एक मीटर खोलीची अशी माती पिकाला उपलब्ध होईल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. १५० मिलिमीटर धरले, तरी दहा हेक्टरांत ते १५,००० घनमीटर, म्हणजे दीड कोटी लिटर होते. पाऊस ओसरल्यावर याच ओलीवर रब्बीची ज्वारी व हरभरा उभा राहतो. हा साठा कोणत्याही नकाशावर तलाव म्हणून दाखवलेला नसतो. म्हणून तो बुजला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

गंमत अशी की, हीच माती बांधकामाला सर्वांत त्रासदायक असते. तिच्यातील चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा शेतकऱ्याला ठाऊक असतात. त्याच हालचालीने हलक्या पायाच्या घरांच्या भिंतींना आणि अंतर्गत रस्त्यांना तडे जातात. पाया मुरमापर्यंत नेण्याचा खर्च शेवटी भूखंड घेणाऱ्यावर येतो. उथळ, मुरमाड जमीन पायासाठी तुलनेने बरी. अर्थात प्रत्येक माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. गायरान, मेंढपाळांची चराई आणि गवताळ अधिवास यांचे स्थान तपासूनच तो पर्याय घ्यावा लागतो. तरीही ‘आधी हलकी जमीन, शेवटी भारी जमीन’ हा क्रम शेती आणि घर दोघांच्याही हिताचा आहे.

परवानगी मिळालेल्या जागेवरही मातीची नासाडी टाळता येते. दहा हेक्टरांच्या अभिन्यासात दोन हेक्टर रस्त्यांखाली गेले, तर त्यांवरील वरच्या पंधरा सेंटिमीटर थराची माती ३,००० घनमीटर भरते. हा थर शेकडो वर्षांत घडलेला असतो. तो मुरमाखाली गाडण्याऐवजी आधी उचलून गावातील हलक्या जमिनींवर पसरवण्याची अट घालता येते. गावाला तलावातील गाळ शेतात पसरवण्याचा अनुभव असतोच.

पाणी : वर्षाचा हिशेब आणि मे महिन्याचा हिशेब

दहा हेक्टरांत सुमारे तीन गुंठ्यांचे दोनशे भूखंड बसतात, असे धरू. प्रत्येक घरी चार माणसे धरली, तर आठशे लोकांची वस्ती होते. शहरी निकषाप्रमाणे दरडोई दररोज १३५ लिटर पाणी लागले, तर रोजची गरज १ लाख ८ हजार लिटर आणि वर्षाची सुमारे ३९,४०० घनमीटर होते. जलजीवन मिशनच्या ५५ लिटरच्या ग्रामीण निकषाने हिशेब केला, तरी वर्षाला सुमारे १६,००० घनमीटर पाणी लागते.

आता त्याच जमिनीवर पडणारा पाऊस पाहू. ७०० मिलिमीटर वार्षिक पर्जन्यात दहा हेक्टरांवर ७०,००० घनमीटर पाणी पडते. दख्खनच्या कठीण बेसाल्ट खडकात त्यातील सुमारे दहा टक्के भूजलात मुरते असे उदाहरणादाखल मानले, तर पुनर्भरण ७,००० घनमीटर होते. खडकाच्या प्रकारानुसार हे प्रमाण कमी-अधिक असते. छपरे व डांबरी रस्ते आल्यावर ते आणखी घटते. याचा अर्थ असा की, ग्रामीण निकषानेही वस्तीची गरज त्या जमिनीच्या पुनर्भरणाच्या दुपटीहून अधिक आहे आणि शहरी निकषाने पाचपटीहून अधिक. उरलेले पाणी शेजारच्या शेतांखालून येणार, हे उघड आहे.

येथे एक प्रामाणिक तुलनाही केली पाहिजे. ३९,४०० घनमीटर पाणी प्रवाही सिंचनावरील जेमतेम दोन हेक्टर उसाला पुरते. तेव्हा ‘घरे पाणी पितात आणि शेती पीत नाही’ असा युक्तिवाद टिकणार नाही. फरक आहे तो मागणीच्या स्वभावात. अवर्षणाच्या वर्षी शेतकरी रब्बीचा पेरा कमी करतो किंवा रान पडीक ठेवतो. पण घराचा नळ एक दिवसही बंद ठेवता येत नाही. बेसाल्ट खडकाची पाणी साठवण्याची क्षमता आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के इतकीच असते. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असताना दोनशे विंधन विहिरी एकाच खडकातून उपसा करू लागल्या, तर आधी कोरड्या पडतात त्या जवळच्या उथळ विहिरी. या विहिरी बहुधा अल्पभूधारकांच्या असतात. म्हणून हरकतीत वार्षिक सरासरी पुरेशी नाही. आसपासच्या विहिरींची मे महिन्यातील पातळी नोंदवलेली हवी.

सांडपाण्याचाही हिशेब असाच आहे. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते. वरील वस्तीत ते रोज सुमारे ८६ हजार लिटर होईल. दोनशे घरांचे दोनशे शोषखड्डे फटीयुक्त खडकात सोडले, तर ते पाणी फारसे गाळले न जाता विहिरींपर्यंत पोहोचू शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यामुळे वसाहतीपूर्वीचे नायट्रेटचे प्रमाण तपासून ठेवणे आवश्यक आहे. पुढे पाणी बिघडल्यास दोष खताचा की सांडपाण्याचा, हे त्याशिवाय ठरवता येत नाही. याउलट सामूहिक प्रक्रिया केंद्र उभारून तेच पाणी चारा पिकांना किंवा झाडांना दिले, तर गावाची अडचण काही अंशी सोय बनते.

ओढा, ओघळ आणि खालचा शेतकरी

शिवारातील पाण्याच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. बांधाच्या कोपऱ्यातली सांड आणि दोन शेतांमधली ओघळ मोजणीच्या नकाशावर दिसतेच असे नाही. भूखंड पाडताना जमीन सपाट केली जाते, रस्त्यासाठी भराव टाकला जातो आणि या वाटा बंद होतात.

एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा हेक्टरांवर ५,००० घनमीटर पाणी पडते. पीक असलेल्या रानातून त्यातील ३० टक्के वाहून जाते असे मानले, तर अपधाव १,५०० घनमीटर. छपरे आणि पक्के रस्ते झाल्यावर तो ७० टक्क्यांवर गेला, तर ३,५०० घनमीटर. हे जादा २,००० घनमीटर पाणी खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन आदळते. बांध फुटतो, माती वाहून जाते आणि नुकसानीची जबाबदारी कोणीच घेत नाही.

यावरचा उपाय आपल्या परिचयाचा आहे. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या शेततळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते. अभिन्यासाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात असे एक तळे राखले आणि पावसाळ्यात दोन सरींच्या दरम्यान ते हळूहळू रिकामे होण्याची सोय केली, तर ते सारे जादा पाणी तिथे थोपवता येते. यासाठी सुमारे नऊ गुंठे जागा लागते. हरकतीत ‘पाण्याचा निचरा करावा’ असे मोघम लिहिण्यापेक्षा एवढ्या आकारमानाचे तळे नकाशात दाखवावे, अशी मागणी करणे अधिक परिणामकारक ठरते.

शेजारी शेती असणे

वसाहत उभी राहिल्यानंतरचे वाद बहुधा रोजच्या कामावरून होतात. तीन-फेज वीज रात्री आली की मोटार रात्रीच सुरू होते. मळणीची धूळ उडते. फवारणीचा अंश वाऱ्याने खिडकीपर्यंत जातो. शेणखताच्या ढिगाचा वास येतो. नव्या रहिवाशाची तक्रार चुकीची असते असे नाही. पण पिढीजात काम करणारा शेतकरी आपल्याच रानात गुन्हेगार ठरतो. कुक्कुटपालनाची अडचण अधिक बिकट असते. पक्षिगृह वस्तीपासून ठरावीक अंतरावर असावे, असा दंडक आहे. पक्षिगृह आधीचे आणि वस्ती नंतरची असली, तरी अंतर कमी पडल्याचा ठपका पक्षिगृहावरच येतो.

अमेरिकेत सर्व राज्यांनी पूर्वीपासून चालत आलेल्या शेतीव्यवसायाला उपद्रवाच्या दाव्यांपासून संरक्षण देणारे कायदे केले आहेत. आपल्याकडे तूर्त साधा मार्ग उपलब्ध आहे. अंतर राखण्याची जबाबदारी नव्या वसाहतीने आपल्या हद्दीत घ्यावी. सीमेलगत झाडांचा दाट पट्टा ठेवावा. खरेदीखतातच ‘शेजारी शेती चालू आहे’ याची नोंद असावी.

वहिवाटीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. बैलगाडी, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र जाणारी पाणंद अभिन्यासाच्या कुंपणात अडकली, तर मागची शेते अडून राहतात. महाराष्ट्रात मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार अडवलेला रस्ता खुला करण्यासाठी आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार बांधावरून रस्ता मिळण्यासाठी तहसीलदारांकडे दाद मागता येते. तथापि कुंपण घातल्यानंतर दाद मागण्यापेक्षा नकाशा मंजूर होण्यापूर्वी रस्ता त्यावर दाखवून घेणे केव्हाही चांगले.

विकणारा आणि राबणारा

या चर्चेत जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवण्याची प्रवृत्ती दिसते. ती योग्य नव्हे. मुलीचे लग्न, आजारपण, कर्ज किंवा वर्षानुवर्षे न परवडणारी शेती यांपुढे त्याला एकरकमी पैसा मोठा आधार वाटतो. शेतीतून उत्पन्न मिळाले तरच जमीन राखली जाईल. केवळ कायद्याने ती राखली जाणार नाही.

ज्याची नोंद कोणत्याच कागदावर नसते, असा एक घटक मात्र राहून जातो. तो म्हणजे भूमिहीन मजूर. खुरपणी, काढणी, गवताचा भारा, बांधावरची भाजी आणि शेळ्यांची चराई यांवर त्याचा संसार चालतो. जमीन विकणाऱ्याला किंमत मिळते, घेणाऱ्याला घर मिळते आणि मजुराचे कामाचे दिवस कोणताही मोबदला न मिळता संपतात. गावाच्या हरकतीत किती मजूर कुटुंबे त्या शिवारावर अवलंबून आहेत, याची गणना असलीच पाहिजे.

तीन राज्यांचा अनुभव

केरळमध्ये भाताखालील क्षेत्र १९७४-७५ मधील सुमारे ८.८ लाख हेक्टरांवरून २००७-०८ पर्यंत सुमारे २.३ लाख हेक्टरांवर आले. पीकबदल आणि जमीन भरून बांधकाम करणे ही त्याची प्रमुख कारणे. २००८ मध्ये राज्याने भातशेती व पाणथळ जमीन संवर्धन कायदा केला. त्यातील स्थानिक देखरेख समितीची रचना अभ्यासण्याजोगी आहे. पंचायत अध्यक्ष, कृषी अधिकारी, ग्राम अधिकारी आणि भातउत्पादकांचे तीन प्रतिनिधी तिच्यात असतात, तर कृषी अधिकारी निमंत्रक असतो. कोणती जमीन भाताची, याची सूची गावपातळीवर तयार केली जाते. मालकाला स्वतःच्या घरासाठी पंचायत क्षेत्रात दहा सेंट, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांपर्यंत मुभा आहे. गरजेचे घर आणि विक्रीचे भूखंड यांत कायद्यानेच फरक केला आहे. पुढील दुरुस्त्यांमुळे काही तरतुदी सैल झाल्याची टीका झाली, तरी सूची व समिती ही दोन साधने महत्त्वाची ठरली.

गोव्यात प्रादेशिक आराखडा २०११ लोकआंदोलनानंतर २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या २०२१ च्या आराखड्यासाठी मसुदे गावोगावी पाठवून सूचना मागवण्यात आल्या. मात्र २०२३ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १७(२) समाविष्ट करून आराखड्यातील ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट खुली झाली. शेत, बागायत आणि उताराच्या जमिनी निवासी ठरू लागल्याच्या तक्रारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालील नियम रद्द ठरवले आणि कलमाची व्याप्ती मर्यादित केली. संपूर्ण गावाने मिळून केलेला आराखडा सुट्या-सुट्या बदलांनी पोकळ होऊ शकतो, हा यातील बोध आहे.

पंजाबात २०२५ च्या भू-एकत्रीकरण धोरणात ६५ हजारांहून अधिक एकर जमीन नागरी वसाहतींसाठी घेण्याचा प्रस्ताव होता. एका एकराच्या, म्हणजे ४,८४० चौरस यार्डांच्या बदल्यात १,००० चौरस यार्ड निवासी आणि २०० चौरस यार्ड व्यापारी जागा देऊ केली होती. शेतकरी संघटनांनी तीव्र विरोध केला. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने सामाजिक व पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन झाले नसल्याकडे लक्ष वेधून धोरणाला स्थगिती दिली. भूमिहीन मजुरांच्या पुनर्वसनाचाही प्रश्न तेथे उपस्थित झाला. त्यानंतर काही दिवसांतच शासनाने धोरण मागे घेतले. तेथेही निर्णायक ठरला तो न केलेल्या मोजमापाचा मुद्दा.

महाराष्ट्रात १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि २००१ चा गुंठेवारी नियमितीकरण कायदा यांतून दोन टोके दिसतात. एकीकडे तुकडे पाडण्यास बंदी आणि दुसरीकडे पडलेले तुकडे नंतर नियमित करण्याची सोय. दरम्यानच्या काळात रस्ता, गटार, पाणी नसलेल्या वस्त्यांत सामान्य खरेदीदार अडकला. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ ड खाली गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील जमिनीसाठी अकृषिक प्रक्रिया सुलभ करण्यात आली आहे. प्रक्रिया जसजशी सोपी होते, तसतशी प्रत्येक प्रकरणात स्वतंत्र हरकत घेण्याची संधी कमी होते. म्हणून प्रादेशिक व विकास योजनांचे मसुदे प्रसिद्ध होतात, तेव्हाच ठरावीक मुदतीत गावाने आपले म्हणणे मांडणे आवश्यक ठरते.

गावाने तयार ठेवावयाची कागदपत्रे

१. शिवाराचा मृदा नकाशा : गटनिहाय मातीची खोली, पोत व निचरा. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाची यासाठी मदत घ्यावी.

२. विहिरींची नोंदवही : दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजलेली पातळी, तसेच नायट्रेटसह पाण्याचे परीक्षण.

३. पाण्याच्या वाटांचा आराखडा : ओढे, ओघळी व सांडी यांची जुन्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन शिवारफेरीत केलेली नोंद.

४. पाणंद व शिवरस्त्यांची यादी : गट क्रमांक, रुंदी आणि वहिवाट यांसह.

५. उपजीविकेची गणना : त्या जमिनीवर काम करणारी व चराई करणारी कुटुंबे.

६. विकासकाला विचारावयाचे प्रश्न : उन्हाळ्यातील पाण्याचा स्रोत, सांडपाणी प्रक्रिया, अपधाव थोपवण्याची क्षमता, वरच्या थरातील मातीची व्यवस्था आणि पाच वर्षांनंतरच्या देखभालीची जबाबदारी.

ही कागदपत्रे एखादा प्रस्ताव आल्यावर पंधरा दिवसांत तयार होत नाहीत. विहिरीची पातळी किमान दोन-तीन वर्षांची हवी. त्यामुळे भूखंडांची मागणी अजून पोहोचलेली नाही, अशा गावांनीच हे काम आधी हाती घ्यावे. जलसंधारणासाठी केलेल्या शिवारफेरीच्या नोंदी उपलब्ध असल्यास त्यांपासून सुरुवात करता येईल. ग्रामसभेच्या ठरावाला या नोंदी जोडल्या, तर गावाला हलक्या जमिनीवर घरांची सोय करण्याचा पर्यायही स्वतःहून सुचवता येतो आणि खोल काळी जमीन रब्बीच्या पेऱ्यासाठी राखता येते.